बंदर आणि सागरी लॉजिस्टिक्स: कोणती कौशल्ये खरोखर लागतात आणि ती कशी शिकावीत?

ओहोटी_भरती (धागाकर्ती)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे ग्राहकांचा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या, कार्यालयात कागदपत्रांचे काम करते. बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या दस्तऐवजाचा, मसुदा तपासणे, शिपिंग लाइनकडे जागा आरक्षित करणे आणि ग्राहकांना जहाजाच्या तारखा कळवणे यांत दिवस संपतो. आजवर मी कंटेनरांविषयी हजारो ओळी टंकल्या असतील, परंतु भरलेला कंटेनर जहाजावर चढताना एकदाही पाहिलेला नाही, आणि हे मला अलीकडे फार खुपू लागले आहे.

मला टर्मिनलच्या, म्हणजे बंदरात माल चढवण्या-उतरवण्याच्या तळावरच्या, कामाकडे वळायचे आहे, समुद्रावर जायचे नाही. अभ्यासक्रमांची माहितीपत्रके बरीच चाळली. प्रत्येकात ‘लॉजिस्टिक्स व्यवस्थापन’ आणि ‘पुरवठा साखळी’ हे शब्द सापडतात, पण तो अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नेमके काय करता येते, हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून विचारते, की या क्षेत्रात कोणते कौशल्य नसले तर काम खरोखर अडते किंवा जिवावर बेतते? कोणते प्रशिक्षण नियमानेच बंधनकारक आहे आणि कोणते केवळ परिचयपत्रात शोभण्यापुरते? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_टॅलीवाला

ताई, प्रश्न चांगला विचारलात. मी एकतीस वर्षे धक्क्यावर टॅलीचे काम केले, त्यामुळे माझे उत्तर थोडे एकांगी असेल, ते तसेच समजून घ्यावे.

जहाजातून उतरणारा आणि जहाजावर चढणारा माल मोजून त्याचा क्रमांक, सील आणि स्थिती नोंदवणे म्हणजे टॅली. ऐकायला हे काम कारकुनी वाटते. परंतु कंटेनरला पडलेला पोचा माझ्या ताब्यात येण्याआधीचा की नंतरचा, सील शाबूत होते की नव्हते, हे भांडण सहा महिन्यांनी उभे राहते तेव्हा विमा कंपनीपासून न्यायालयापर्यंत सगळे त्या एका नोंदीकडेच बोट दाखवतात. म्हणून माझ्या मते पहिले कौशल्य म्हणजे कागदावर जे लिहिले आहे आणि डोळ्यांसमोर जे उभे आहे, ते जुळते का हे पाहणे, आणि जुळत नसेल तर काम थांबवण्याची हिंमत ठेवणे.

एक उदाहरण देतो. आयएसओ ६३४६ या मानकानुसार प्रत्येक कंटेनरला चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक तपासणी आकडा असतो. पहिली तीन अक्षरे मालकाची असतात आणि चौथे अक्षर मालवाहू कंटेनरसाठी ‘यू’ असते. तपासणी आकडा गणिताने निघतो. ‘ए’ला १० धरून अक्षरांना चढत्या किमती द्यायच्या, मात्र ११, २२ आणि ३३ या किमती वगळायच्या. मग दहाही स्थानांना डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणून बेरीज करायची आणि तिला ११ ने भागून उरणारी बाकी घ्यायची. ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ या क्रमांकाची बेरीज ६१८५ येते आणि बाकी ३ उरते, म्हणजे चौकटीत ३ हवा. आज हे गणित संगणक करतो, पण पावसात गंजलेल्या दारावरचा ३ आहे की ८, हा संशय माणसालाच यावा लागतो.

एकदा रात्रपाळीत यादीतील सील आणि दारावरील सील यांत दोन आकड्यांची अदलाबदल दिसली आणि मी तो डबा चढू दिला नाही. दोन तासांनी कळले, की चूक पाठवणाऱ्याच्या कार्यालयात टंकताना झाली होती आणि माल जसाच्या तसा होता. वरिष्ठांनी मला बरेच सुनावले. पुन्हा तसा प्रसंग आला असता तरी मी तो डबा थांबवलाच असता.

यार्ड_नियोजक

टॅलीवाले काकांशी सहमत आहे, परंतु यात नियोजनाची बाजू जोडली पाहिजे.

नव्या उमेदवाराला मी सहा आकडे देतो आणि विचारतो, की हा कंटेनर जहाजावर कुठे आहे? समजा आकडे ०६०४८४ आहेत. पहिले दोन आकडे म्हणजे बे, म्हणजे जहाजाच्या नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे मोजत आलेला आडवा पट्टा. वीस फुटी कंटेनरांचे बे विषम आणि चाळीस फुटींचे सम असतात, म्हणून ०६ म्हणजे ०५ आणि ०७ व्यापून बसलेला चाळीस फुटी. पुढचे दोन आकडे रांगेचे. मध्यापासून डावीकडे सम आणि उजवीकडे विषम मोजतात, म्हणून ०४ ही डावीकडची दुसरी रांग. शेवटचे दोन आकडे थराचे. डेकवरील थर सहसा ८२ पासून सुरू होतात, तेव्हा ८४ म्हणजे डेकवरचा दुसरा थर. हे वाचायला पंधरा मिनिटांत शिकता येते. त्या जागी हा कंटेनर ठेवल्यास खालच्या लॅशिंगवर, म्हणजे कंटेनर जहाजाला आवळणाऱ्या सळ्यांवर, किती ताण येईल, पुढच्या बंदरात उतरायचा डबा त्याच्याखाली अडकेल का, शेजारी कोणता धोकादायक माल आहे, असा विचार आपोआप सुरू होण्यास मात्र दोन-तीन वर्षे जातात. यार्डातही, म्हणजे टर्मिनलमध्ये कंटेनर रचून ठेवण्याच्या जागेतही, तेच. जड खाली, हलके वर, आणि आधी जाणारा डबा नंतर जाणाऱ्याच्या खाली दडपलेला नको. तसा दडपला, तर एका कामाच्या उचलीसाठी तीन बिनकामाच्या उचली कराव्या लागतात, आणि त्या कोणत्याही बिलात दिसत नाहीत.

हे सगळे कंटेनरच्या नोंदवलेल्या वजनावर उभे असते. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ या जहाजाचे कवच तडकले. तपासात मूळ कारण जहाजाच्या बांधणीतील अपुरी ताकद हेच आढळले, परंतु नंतर डेकवरचे ६६० कंटेनर तोलले गेले तेव्हा त्यांपैकी १३७ कंटेनरांचे खरे वजन घोषित वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले. सोलास या सागरी जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, त्यामागे अशा अनुभवांची मोठी पार्श्वभूमी आहे. पद्धती दोनच आहेत. एक, भरलेला कंटेनर वजनकाट्यावर तोलणे. दुसरी, आतील प्रत्येक नग, वेष्टन आणि आधारासाठी वापरलेले लाकूड वेगळे तोलून त्यात कंटेनरचे रिकामे वजन मिळवणे. जबाबदारी माल पाठवणाऱ्याची असते.

ओहोटी_भरती, तुमच्या कार्यालयातून हा आकडा पुढे जातो. तो कोणत्या पद्धतीने आला, हे तुम्ही आजवर कधी विचारले आहे का?

ओहोटी_भरती

प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. ग्राहक आकडा पाठवतो आणि आम्ही तो जसाच्या तसा भरतो.

उलटे_घड्याळ

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, परंतु मला ते कालच्या बंदराचे वर्णन वाटते. रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर चालकाविना धावणारी वाहने १९९३ मध्येच आली. आज फाटकावरचे कॅमेरे क्रमांक वाचतात, संगणक यार्डाचे नियोजन करतो आणि क्रेनचालक दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसतो. तेव्हा तपासणी आकड्याचे गणित शिकवण्यापेक्षा विदा-विश्लेषण, बंदरांमधील संदेशांची प्रमाणित रूपे आणि थोडी प्रोग्रॅमिंग शिकवावी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, सागरी वाहतूक सुलभ करणाऱ्या फाल कराराखाली जहाज आणि बंदर यांच्यातील माहितीची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण एप्रिल २०१९ पासून बंधनकारक केली आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी सागरी एक-खिडकी व्यवस्था सक्तीची केली. वाऱ्याची दिशा स्पष्ट आहे.

यार्ड_नियोजक

निम्मे मान्य. जहाजाच्या बे प्लॅनचा, म्हणजे कोणता कंटेनर कुठे आहे या आराखड्याचा, बॅप्ली संदेश किंवा फाटकावरील आवक-जावकीचा कोडेको संदेश उघडून त्यातील कोणती ओळ चुकली आहे हे सांगणारा माणूस मला आज हवाच आहे, आणि असे लोक मिळत नाहीत.

परंतु कॅमेऱ्याने शंभरातील बहुतेक क्रमांक बरोबर वाचले, की माणसाच्या वाट्याला उरलेले अवघडच येतात. पत्रा फाटलेला, क्रमांकावर ताडपत्री आलेली, दोन बाजूंना दोन वेगळे क्रमांक असलेला कंटेनर. सोपे काम यंत्राने नेल्यामुळे अवघड काम ओळखण्याचा सरावही त्याबरोबर गेला, ही प्रशिक्षणातील खरी अडचण आहे. आणि २७ जून २०१७ आठवून पाहा. नॉटपेट्या या संगणकी हल्ल्यात मर्स्क या जहाज वाहतूक समूहाची व्यवस्था कोलमडली आणि त्यांच्या अनेक टर्मिनलची फाटके ठप्प झाली. अशा दिवशी पडद्यावर काहीच नसते, आणि कोणता डबा कुठे आहे हे कागद-पेन्सिलीने मांडू शकणारे लोक किती उरले आहेत, ते कळते. संगणकी धोक्याचे व्यवस्थापन जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थापनात २०२१ पासून घ्यावे लागते. टर्मिनलवर याचा सराव वर्षातून एकदा तरी व्हावा, असे माझे मत आहे.

तारदोर

मी क्रेनचालकांना शिकवते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते.

धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये चालक पुढे वाकून पायांमधल्या काचेतून तीस-चाळीस मीटर खाली पाहत असतो. दोरांना टांगलेला स्प्रेडर, म्हणजे कंटेनर पकडणारी चौकट, लंबकासारखा झुलतो. झोका थांबवायचा तर ट्रॉली, म्हणजे दोर वाहून नेणारी वरची गाडी, झोक्याच्या उलट दिशेला ओढावी, असे नवख्याला वाटते, आणि तसे केले की झोका वाढतो. ट्रॉली झोक्याच्या मागोमाग न्यायची आणि भार तिच्या बरोबर खाली आला, की वेग जुळवायचा, हे हाताला समजावे लागते. त्यासाठी सिम्युलेटर उत्तम, कारण तेथे शंभर वेळा चुकता येते. तरीही मी सिम्युलेटरच्या तासांवर विसंबून कोणालाही पुढे सोडत नाही. पडद्यावर वारा दाखवता येतो. खाली खरा माणूस उभा आहे, ही जाणीव मात्र तेथे येत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७९ चा १५२ क्रमांकाचा करार स्पष्ट सांगतो, की उचल यंत्र चालवणारी व्यक्ती किमान १८ वर्षांची आणि आवश्यक योग्यता व अनुभव असलेली हवी, आणि शिकाऊ असेल तर तिच्यावर योग्य देखरेख हवी. त्याच करारानुसार पुरेशी सूचना किंवा प्रशिक्षण दिल्याशिवाय गोदीच्या कामावर कोणालाही ठेवता येत नाही.

बंदरात सर्वांत कमी प्रशिक्षण मिळते ते लॅशिंग करणाऱ्यांना, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. रात्री ओल्या डेकवर, कंटेनरांच्या दोन भिंतींमधल्या अरुंद पट्ट्यात उभे राहून लांब, जड लॅशिंग रॉड वरच्या कोपऱ्याच्या छिद्रात बसवायचा आणि टर्नबकल, म्हणजे तो ताणणारा स्क्रू, आवळायचा, हे काम ज्याने एकदा केले तो त्याला अकुशल म्हणणार नाही. क्रेनचालकासाठी लाखोंचा सिम्युलेटर घेतला जातो, आणि लॅशरला पहिल्या दिवशी शिरस्त्राण देऊन ‘बघून शिक’ असे सांगितले जाते. कोठे उभे राहू नये, उचललेल्या भाराखालून का जाऊ नये, अर्धवट उघडलेला ट्विस्टलॉक, म्हणजे कंटेनरांचे कोपरे एकमेकांना जोडणारे कुलूप, कसा ओळखावा, एवढे तरी धक्क्यावर उतरण्यापूर्वी शिकवायला हवे.

लाल_लेबल

धागाकर्तीने बंधनकारक प्रशिक्षणाविषयी विचारले आहे, म्हणून धोकादायक मालाबद्दल लिहितो.

आयएमडीजी या धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीच्या संहितेत असा माल नऊ वर्गांत विभागलेला आहे. स्फोटके पहिल्या वर्गात, ज्वालाग्राही द्रव तिसऱ्या आणि क्षरणकारी पदार्थ आठव्या वर्गात येतात. किनाऱ्यावरील कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण द्यावेच, अशी तरतूद २०१० पासून बंधनकारक झाली आहे. किनाऱ्यावरील कर्मचारी म्हणजे केवळ धक्क्यावरचे, असा अनेकांचा समज आहे. संहितेच्या यादीत मालाचे वर्गीकरण करणारे, तो बांधणारे, वेष्टनावर खुणा आणि लेबले लावणारे, वाहतुकीसाठी देणारे वा स्वीकारणारे आणि त्याची कागदपत्रे तयार करणारे हे सगळे येतात. म्हणजे ओहोटी_भरती, तुमच्या हातून धोकादायक मालाची घोषणापत्रे जात असतील, तर हे प्रशिक्षण तुम्हालाही लागू आहे. एक भाग सर्वसाधारण ओळखीचा आणि दुसरा तुमच्या नेमक्या कामापुरता असतो. नोंद मालकाने ठेवायची असते. उद्या कार्यालयात ती मागून पाहा.

याचे मर्म ‘विलगीकरण’ या शब्दात आहे. दोन माल वेगवेगळे सुरक्षित असूनही शेजारी ठेवले की घातक ठरू शकतात, आणि त्यासाठी तक्ते आहेत. तक्ता पाठ करण्याची गरज नाही, परंतु घोषणापत्रातील यूएन क्रमांक, म्हणजे त्या पदार्थाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मालाचे योग्य नाव आणि वर्ग एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्याची सवय हवी. ‘घरगुती सामान’ किंवा ‘रसायने’ असे मोघम वर्णन आले, की प्रश्न विचारावा. कंटेनर भरणाऱ्यांसाठी २०१४ ची सीटीयू संहिता आहे. ती बंधनकारक नाही, पण माल आत कसा रचावा आणि आवळावा हे ती सविस्तर सांगते.

आणि कागद बरोबर असला म्हणजे काम संपले, असेही नाही. बैरुतच्या बंदरातील २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालू होता. माल २०१४ पासून त्याच गोदामात पडून होता आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट झाला.

बांधील_वेळ

मी जहाजाच्या एजन्सीत आहे आणि सुटा माल, म्हणजे कोळसा, धान्य, खनिज, हे माझे क्षेत्र. येथे अजून कोणी लिहिले नाही, ते कौशल्य म्हणजे वेळेची नोंद लिहिणे.

जहाज बंदराशी पोहोचले, की कप्तान तयारीची सूचना देतो. भाडेकरारात ठरलेल्या रीतीने तेथून लेटाइम, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी दिलेला काळ, सुरू होतो. तो संपूनही काम बाकी असेल तर डेमरेज लागते, आणि एकदा डेमरेज सुरू झाले, की करारात वेगळे लिहिलेले नसल्यास पाऊस आणि सुट्ट्याही मोजल्या जातात. या सगळ्या हिशेबाचा आधार म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’. त्यात ‘पावसामुळे काम बंद’ असे लिहून भागत नाही. पाऊस १४.१० ला सुरू झाला, हॅच, म्हणजे खणांची झाकणे, १४.२० ला मिटल्या, पाऊस १५.४० ला थांबला आणि काम १६.०५ ला पुन्हा सुरू झाले, असे लिहावे लागते, कारण शेवटच्या पंचवीस मिनिटांचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद होतो.

एक सूचना. डेमरेज हा शब्द कंटेनरच्या व्यवसायात वेगळ्या अर्थाने चालतो. तेथे मोफत दिवस संपल्यावर भरलेला कंटेनर टर्मिनलमध्ये पडून राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेलेला कंटेनर वेळेत परत आला नाही तर डिटेन्शन आकारतात. एका अर्थाची सवय असलेला माणूस दुसऱ्या विभागात गेला, की हमखास घोळ घालतो. मीही घातला आहे.

तिसरा_अधिकारी

समुद्रावरील कामासाठी १९७८ चा एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षण व प्रमाणपत्रांचा, करार आणि त्यातील २०१० च्या मनिला दुरुस्त्या आहेत. तुम्हाला किनाऱ्यावर राहायचे असल्याने तो भाग सोडतो. मात्र दोन गोष्टी किनाऱ्यावरच्यांनी आमच्याइतक्याच गंभीरपणे शिकाव्यात.

पहिली म्हणजे बंदिस्त जागा. कोळसा, लाकूड, भंगार लोखंड असा माल असलेल्या जहाजाच्या खणातील आणि त्याला लागून असलेल्या शिडीच्या बंदिस्त जागेतील प्राणवायू माल स्वतःच शोषून घेतो. तेथे वास येत नाही, धूर दिसत नाही. एक माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि मग तिसरा. जहाजावर बंदिस्त जागेतील प्रवेश आणि बचाव यांचा सराव २०१५ पासून दर दोन महिन्यांनी करावा लागतो. किनाऱ्यावरून आलेल्या टोळीने असा सराव केलेला असेलच, असे नाही. मापकाने हवेत २१ टक्के प्राणवायू दाखवल्याशिवाय आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय उतरू नये, हे मुकादमापासून सर्वेक्षकापर्यंत प्रत्येकाला माहीत हवे.

दुसरी म्हणजे ओले खनिज. २ जानेवारी २०१५ रोजी बॉक्साइट घेऊन निघालेले ‘बल्क ज्युपिटर’ बुडाले आणि १९ पैकी १८ जण गेले. कोरडा दिसणारा बारीक माल ओला असेल, तर जहाजाच्या हादऱ्यांनी तो चिखलासारखा वाहू लागतो आणि जहाज कलंडते. आयएमएसबीसी या सुट्या घन मालाच्या संहितेत एक साधी चाचणी दिली आहे. लहान डबा अर्धा भरून सुमारे वीस सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर पंचवीस वेळा आपटायचा. वर पाणी किंवा पातळ थर दिसला, तर प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय माल भरू नये. काही दिसले नाही तरी माल सुरक्षित असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही, हे मात्र अनेक जण विसरतात.

पोथीनिष्ठ

अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात. फॉरवर्डिंगमध्येच पुढे जायचे असेल तर फियाटाची, म्हणजे फॉरवर्डरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, पदविका जगभर ओळखली जाते. भाडेकरार, एजन्सी आणि जहाजदलाली यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड शिपब्रोकर्सच्या परीक्षा आहेत. त्या नोकरी सांभाळून देता येतात, मात्र सोप्या नाहीत. बंदरांतील मधल्या फळीच्या व्यवस्थापकांसाठी अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेचा बंदर व्यवस्थापन कार्यक्रम आहे, पण त्यात सहसा बंदरच आपले कर्मचारी पाठवते. माल्मोचे जागतिक सागरी विद्यापीठ आयएमओने १९८३ मध्ये स्थापन केले. तेथे बहुतांशी अनुभवी लोक पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात, तेव्हा तो विचार आता नको. नोकरी मिळण्यापूर्वी महागडी पदवी घेण्यापेक्षा टर्मिनलच्या नियोजन किंवा फाटक विभागात कनिष्ठ जागा मिळवून त्यानंतर परीक्षा द्याव्यात, असे मी सुचवेन. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे खरेदी-विक्रीत खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी, मात्र आजच वाचा. त्यांतील एफओबी आणि सीआयएफ या अटींमध्ये जोखीम कोठे बदलते, हे न समजता कागदपत्रे करणारे लोक मी रोज पाहतो.

ओहोटी_भरती

सर्वांचे मनापासून आभार. लाल_लेबल यांनी सांगितल्याप्रमाणे आज कार्यालयात प्रशिक्षणाची नोंद मागितली. ती नव्हती. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण संध्याकाळी पुढच्या महिन्याच्या वर्गासाठी तीन नावे पाठवली, त्यांत माझे नाव आहे. दोन ग्राहकांना वजन कोणत्या पद्धतीने काढले, असे विचारले. एकाने वजनकाट्याची पावती लगेच पाठवली, दुसऱ्याने अजून उत्तर दिलेले नाही, म्हणून त्यांचा कंटेनर मी रोखून धरला आहे. टर्मिनलच्या फाटक विभागातील एका जागेसाठी अर्जही केला आहे.

टॅलीवाले काका, जेवणाच्या सुट्टीत जुन्या यादीतले वीस क्रमांक घेऊन तपासणी आकडे काढले. एकोणीस जुळले. एकाची बाकी मात्र १० आली. चौकटीत एकच आकडा मावतो, मग तेथे काय लिहितात?

जुना_टॅलीवाला

० लिहितात. परंतु मग बाकी ० आणि बाकी १० यांत फरक कळत नाही, म्हणून असे अनुक्रमांक वापरू नयेत, अशी शिफारस आहे. काही मालक तरीही वापरतात. तुमच्या यादीत तेथे ० आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर तो क्रमांक टंकताना चुकला आहे.